तलावापलीकडचा पोळा

ज्या घरात बैल नाही, त्या घरात बैलाचे गोंडे कशाला लागतात, हा प्रश्न मला लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात पडला. मला एकदा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत माझं जेवणात लक्ष लागत नाही. माझं नाव दिपी, पण माहेरी मला सगळे 'पंचनामा' म्हणायचे. कुणाकडे पाहुणे आले, का आले, जाताना तोंड कसं होतं, हे माझ्याइतकं नीट कुणी सांगू शकत नसे.

माझं माहेर संगमनेरजवळ. तिथं दारोदार ट्रॅक्टर आणि जर्सी गाया. पोळ्याला बाजारातून मातीची जोडी आणायची, तिच्यापुढे पुरणपोळी ठेवायची, झाला पोळा. सासर मात्र पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. इकडे अजून बैल आहेत, कारण इकडची निम्मी माणसं दिवाळीच्या आसपास बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जातात. पोळ्याला मात्र सगळी घरी असतात. आमच्या गोठ्यात तेवढा बैल नव्हता. दोन शेळ्या, भुश्याची पोती आणि नवऱ्याची बंद पडलेली मोटारसायकल, एवढाच गोठा. नवरा, हनुमंत, सुप्याला कंपनीत कामाला. शनिवारी यायचा, सोमवारी उजाडताना जायचा. बाकी आठवडा घरात मी आणि सासू, चांगुणा. इकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्या म्हणायला लागले.

तर ह्या आत्या नागपंचमी झाली की लोकरीचे गुंडे घेऊन ओसरीवर बसायच्या. एका फळीवर लोकर गुंडाळायची, मधोमध करकचून बांधायची, कडा कापायच्या आणि मग फणीनं विंचरत विंचरत गोंडा फुलवायचा. एका गोंड्याला अर्धी दुपार. शिवाय बैलाच्या कपाळावरची माथोटी, तिला मणी आणि बारके आरसे. सगळं जोडीचं, म्हणजे दोन-दोन.

मी सरळ विचारलं, "आत्या, हे कुणासाठी?"

"बैलासाठी."

"कुणाच्या बैलासाठी?"

"ज्येला शिंगं हायती त्येच्यासाठी."

बाजारात नायलॉनचे तयार गोंडे ढिगानं मिळतात, असं मी सांगून पाहिलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मिळू दे की. बाजारात भाकरी बी मिळती."

पोळ्याच्या दिवशी सकाळी पाहते तर ओसरी रिकामी. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर गावातले सगळे बैल आले, तेव्हा मी लाजलज्जा सोडून एकेका बैलाच्या शिंगापाशी जाऊन पाहून आले. नवी सून बैलांच्या तोंडासमोर का फिरतेय म्हणून बायका हसत होत्या. आमचे गोंडे एकाही शिंगाला नव्हते. वर्षभर माझ्या डोक्यात ते गोंडे लोंबत राहिले.

दुसऱ्या वर्षी मी पाळतच ठेवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाला श्रीमंत रोज सकाळ-संध्याकाळ चार वस्त्यांचं दूध गोळा करतो. आत्यांनी एक पोतं त्याच्या हातात दिलं, त्यानं ते कॅनच्या मागे ठेवलं आणि दोघंही काही घडलंच नाही अशा तोंडानं बाजूला झाले. मी श्रीमंतला गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, मी दुधाचा मानूस. पोत्यातलं मला काय म्हाईत?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशा आत्यांनी फडक्यात एक पुरणपोळी बांधली आणि तलावाची वाट धरली. मी मागोमाग. लपूनछपून नाही, चांगली उघड, शंभरएक पावलं मागे. त्यांना कळलं होतं, पण त्यांनी हाकलून लावलं नाही.

आमच्या गावाच्या आणि पलीकडच्या वस्तीच्या मध्ये पाझर तलाव आहे. तलावाच्या भिंतीवरून चालत गेलं तर वीस मिनिटांत वस्ती येते. गाडीच्या रस्त्यानं वळसा पडतो. आत्या भिंतीवर चढल्या नाहीत. अलीकडच्या काठाला बाभळीखाली उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं पलीकडच्या काठानं एक पांढरी जोडी आली. एवढ्या लांबून जनावर बोटाएवढं दिसत होतं, पण लाल-पिवळे गोंडे ओळखू येत होते. आमचेच होते ते. एका बैलाचं डावं शिंग खाली वाकलेलं होतं.

"त्यो सोन्या," आत्या म्हणाल्या. मी जवळ येऊन उभी राहिले हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. "वासरू हुता तवा दाव्यात शिंग अडकून दुखावलं. मी हळद बांधली, पन वाकडंच वाढलं. पल्याडचा हौश्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोन्याची आई तो आठ दिवसांचा असताना मेली. आत्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं. सासरे गेल्यावर सहा वर्षं आत्यांनी ह्याच जोडीवर शेत केलं. पुढे हनुमंत कंपनीत लागला, आत्यांचे गुडघे गेले आणि जोडी पलीकडच्या वस्तीवरच्या बन्सीला विकली. बन्सी ऊस वाहणारा, पण जनावराला जपणारा. विकली तेव्हाच आत्यांनी त्याला सांगितलं होतं, पोळ्याचा साज दर वर्षी माझ्याकडून येईल, तुझ्या बायकोला कशाला त्रास.

"मग इथून काय बघताय? जवळ जाऊन भेटा की."

"इकल्या जनावराम्होरं जाऊ न्हाई," त्या म्हणाल्या. "वळख पटली की त्ये चारा सोडतंय. आपल्याला बरं वाटावं म्हनून त्येला कशाला झुरवायचं?"

इकडे हे सगळेच मानतात. बैल विकला की त्या वस्तीवरचं लग्नाचं आमंत्रण आलं तरी माणसं आधी गोठा कुठल्या अंगाला आहे ते विचारून घेतात. आत्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसराही काही फार कामाचा नाही. तरी जोडी झाडाआड जाईपर्यंत त्या हात कपाळाशी धरून बघत राहिल्या. येताना ती पोळी वाटेतल्या गाईला घातली. माझा प्रश्न सुटला होता आणि मला खरं तर गप्प बसायला हरकत नव्हती.

पण मी गप्प बसणाऱ्यातली असते तर काय हवं होतं. यंदा श्रावण लागल्यापासून मी आत्यांच्या मागे लागले. जनावर कसलं पाच वर्षं ओळख ठेवतंय, माझ्या नवऱ्याला गेल्या महिन्यातला माझा वाढदिवस आठवत नाही. सोन्या आता म्हातारा झाला असेल, भेटायचं तर कधी भेटणार. मला वाटत होतं की मी त्यांच्या भल्याचं बोलतेय. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं माझं कुतूहल होतं. त्या बैलाला आत्यांची ओळख पटते का, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

एक दिवस गोंडा विंचरता विंचरता त्या थांबल्या. "व्हय," म्हणाल्या, "म्हाताऱ्या बैलानं एक दिस चारा सोडला तर सोडला. यंदा जाऊ. हातानं घास देऊ."

त्यानंतर आत्या निराळ्याच झाल्या. पेटीतून ठेवणीतलं खणाचं कापड काढलं आणि पाठीवर टाकायच्या दोन झुली शिवायला घेतल्या. झूल त्यांनी बैल विकल्यापासून केली नव्हती. कडेनं आरसे, चार कोपऱ्यांना गोंडे. शिवताना ओव्या म्हणायच्या. दोन वर्षांत मी त्यांचा गाता आवाज ऐकला नव्हता. मला फार बरं वाटलं आणि त्याचं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःला देऊनही टाकलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला आमंत्रण देतात. त्या सकाळी श्रीमंतचा टेम्पो आला. आत्या आत पुरणाची डाळ निवडत होत्या.

"पोतं?" त्यानं विचारलं.

"यंदा पोतं नाही. आम्ही दोघी स्वतः जाणार आहोत, उद्या. आत्या सोन्याला हातानं घास देणार."

श्रीमंतनं टेम्पो बंद केला. "बन्सीला म्हाईत हाय का?"

"नाही. तीच तर गंमत."

"वहिनी, मावशीला नगा घेऊन जाऊ."

"का?"

"का न्हाई. आसंच."

'असंच' म्हटल्यावर मी घरात बसेन असं त्याला वाटलं असेल तर तो मला ओळखत नव्हता. आत्यांना म्हटलं, पलीकडे माझी मैत्रीण आहे, तासाभरात येते, आणि टेम्पोत चढून बसले. वाटेत त्याला दहा तऱ्हांनी विचारलं. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. वस्तीवर पोचल्यावर एवढंच म्हणाला, "बन्सीवर रागावू नगा."

बन्सी गोठ्यात दगडावर बसला होता. पन्नाशीचा, वाळका, हात मोठे. त्याच्या मांडीवर एक शिंग होतं.

सुटं शिंग. आधी मला काही कळेना. मग दिसलं की ते तारेचं आहे, वर चिंध्या गुंडाळलेल्या, त्यावर कागद चिकटवलेला आणि सगळ्यावर हिंगुळाचा लाल रंग. रंग अजून ओला होता. शिंग खाली वाकलेलं होतं, सोन्याच्या डाव्या शिंगासारखं. मागे दोन पांढरे बैल रवंथ करत होते. दोघांचीही शिंगं वर गेलेली, सरळ.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. कळलं ते नंतर.

"लम्पीची साथ आली त्या साली," बन्सी म्हणाला. माझी ओळख त्याला श्रीमंतनं सांगितली होती. "आदी सोन्या गेला. डाक्टर आनला, इंजेक्शनं झाली, रातध्याड बसून माशा हाकल्या. न्हाई वाचला. बाराव्या दिशी हौश्या गेला. आन त्येच्यानंतर पंदरा दिसांनी पोळा. मावशीचं पोतं आलं."

"मग सांगायचं ना तुम्ही."

"सांगायला निगालो हुतो, ताई. भिंतीपतुर गेलो. तर मावशी पल्याड बाभळीखाली हुबी. हात आसा कपाळाला लावून." त्यानं तसा हात लावून दाखवला. "माझं पाय न्हाई उचललं. माघारी आलो, भावाची जोडी सोडली, मावशीचा साज घातला आन काठानं फिरवली. पन शिंगाचं काय? मावशीला त्ये वाकडं शिंग दिसाया पायजे. म्हनून चिंध्या बांदल्या. फुडं ही जोडी घेतली, तवापासनं आसं नीट शिंग करतो. दर सालचं जरा बरं हुतंय."

शेवटचं वाक्य तो अगदी साधेपणानं बोलला. त्याला त्यात थोडा अभिमानही वाटत असावा.

मी सांगितलं की आत्या उद्या येणार आहेत, जवळ येणार आहेत. बन्सीनं शिंग खाली ठेवलं. त्याच्या बोटांना लाल रंग लागला होता आणि तो ती बोटं धोतराला पुसत राहिला. "जवळनं न्हाई टिकायचं त्ये," तो म्हणाला.

परत येताना मला स्वतःचा राग आला, खरोखरचा राग. दोन माणसांनी तलावाच्या दोन काठांवरून एकमेकांना जपलं होतं, आणि मी मध्ये जाऊन उभी राहिले होते. घरी आल्यावर आत्यांना सांगायला दोनदा तोंड उघडलं. एकदा त्या गूळ किसत होत्या, एकदा झुलीचा शेवटचा आरसा लावत होत्या. मी म्हटलं, "उद्या पाऊस दिसतोय." त्या म्हणाल्या, "छत्री हाय." मी म्हटलं, "तुमचे गुडघे." त्या म्हणाल्या, "माझं गुडघं तुला कधीपासनं दुखाया लागलं?"

पोळ्याच्या दुपारी आम्ही निघालो. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. झुली आणि गोंड्यांचं पोतं माझ्या डोक्यावर, पोळीचं फडकं त्यांच्या हातात. बाभूळ मागे पडली आणि आत्या पाच वर्षांत पहिल्यांदा भिंतीवर चढल्या. चालताना सारख्या बोलत होत्या. सोन्याला पोळी दोन्ही हातांवर ठेवून द्यावी लागते. तो आधी हुंगतो. हौश्याला आधी दिलं तर तो रागावतो. मी 'हं, हं' करत होते. भिंतीच्या मध्यावर आलो, आणि माझ्या लक्षात आलं की आणखी दहा मिनिटांत त्या हे सगळं एका परक्या बैलापुढे, माणसांच्या देखत करणार. तसं होऊ देणं मला जमलं नाही.

"आत्या," मी म्हटलं, "सोन्या नाहीये. हौश्याही नाही. लम्पीत गेले. तीन वर्षं झाली."

त्या चालायच्या थांबल्या. मग खाली, भिंतीच्या दगडांवर बसल्या. पलीकडून ढोलाचा आवाज येत होता. मी डोक्यावरचं ओझं खाली ठेवून त्यांच्याजवळ बसले. हात धरावा की नाही ते कळेना, म्हणून नाही धरला.

त्यांनी विचारलं, "आदी कोन गेलं?"

"सोन्या."

"आन हौश्या?"

"बारा दिवसांनी."

"चारा सोडला आसंल त्येनं," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि पुसतच राहिल्या. आवाज न करता किती तरी वेळ रडल्या. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मंग मी तीन सालं बघत काय हुते?"

मी शिंगाचं सांगितलं. तार, चिंध्या, कागद, हिंगूळ. बन्सीनं रात्रंदिवस बसून माशा हाकलल्या, दर सालचं शिंग जरा बरं होतं, तेही सांगितलं. आता त्या चिडतील, फसवलं म्हणतील, घरी चल म्हणतील, ह्या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. आत्या उठल्या. गुडघ्यांवर हात देत, सावकाश. आणि वस्तीच्या दिशेनं चालायला लागल्या.

बन्सी गेल्या सालच्या साजानं बैल सजवून दारात उभा होता. आम्ही येताना त्याला लांबून दिसलो असणार. मी आत्यांना सांगितलंय की नाही हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ते शिंग एका बैलाच्या डाव्या शिंगावर बांधलं होतं. जवळून ते फारच केविलवाणं दिसत होतं. एका ठिकाणी कागद सुटला होता. बन्सीनं आत्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आत्या सरळ बैलापाशी गेल्या. त्यानं मान झटकली, फुसकारा टाकला. परकाच होता तो. आत्यांनी हात वर करून शिंगाची सुतळी सोडली, ते खोटं शिंग काढलं आणि बन्सीच्या हातात दिलं.

"टोचत आसंल त्येला," त्या म्हणाल्या.

"मावशी, मी," बन्सी ते शिंग हातातल्या हातात फिरवायला लागला.

"माशा हाकल्यास नव्हं रातध्याड? दिपीनं सांगितलं मला. बास झालं." मग बैलाकडे वळून, "नाव काय ह्याचं?"

"पाखऱ्या. आन त्यो रंग्या."

आत्यांनी फडकं सोडलं आणि पोळी दोन्ही हातांवर धरली. पाखऱ्यानं काही हुंगलंबिंगलं नाही, एका घासात गट्ट केली आणि त्यांचे हात चाटायला लागला. बन्सीची बायको भीमाबाई आतून ताट घेऊन आली आणि दारातच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. मी झूल उचलून पाखऱ्याच्या पाठीवर टाकली. ती पुरेना. आत्यांनी ती सोन्याच्या अंगाच्या आठवणीनं शिवली होती आणि पाखऱ्या त्याच्यापेक्षा थोराड होता. मागचा सगळा पुठ्ठा उघडा राहिला. आरसे एका अंगाला ओढले गेले. बन्सी घाईघाईनं म्हणाला, "चालतंय मावशी, चांगली दिसती."

"काय चालतंय? उघडा दिसतोय त्यो," आत्या म्हणाल्या.

त्यांनी पाखऱ्याच्या खांद्यावर अंगठा टेकवला, हात पसरला आणि पाठीवरून वीत वीत मोजत मागे निघाल्या. बैलाच्या अंगावर शहारा आला, पण तो हलला नाही. वशिंडापाशी त्यांचा हात थोडा रेंगाळला, तिथून पुन्हा पुढे. आकडे त्या ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. शेपटीपाशी पोचल्यावर माझ्याकडे वळल्या.

"नऊ इती आन चार बोटं," म्हणाल्या. "ध्यानात ठेव. आता त्या दुसऱ्याला धर, हलू देऊ नगंस."